बैलाचं टॉनिक आणि आमची सेंटर हाफ

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, क्रीडाशिक्षिका म्हणून तुमच्या प्रेरणादायी आठवणी लिहून द्या." मी म्हटलं, प्रेरणा माझ्याकडे फारशी उरलेली नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या आठवणी मात्र पोतंभर आहेत. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. तेव्हा हा घ्या पोत्यातला माल.

आधी माझा धंदा काय होता ते सांगते, कारण तो पालकांना कधीच कळला नाही आणि मुख्याध्यापकांनाही नाही. शाळेत ज्या कामाला कुणी वाली नसतो ते काम पीटीच्या बाईंचं. माइक बंद पडला, पीटीच्या बाईंना बोलवा. आवारात साप निघाला, पीटीच्या बाई कुठायत? प्रमुख पाहुण्यांची गाडी पंक्चर झाली, मग तोवर पोरांना उन्हात बसवून टाळ्यांची प्रॅक्टिस घ्या, पीटीच्या बाई. गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा आणि सर परत आले की अभ्यासक्रम मागे पडला म्हणून माझा तास त्यांना जायचा. या सगळ्यातून जे उरायचं त्याला वेळापत्रकात 'खेळ' म्हणत.

रहिमतपूरला आमच्याकडे कुस्ती आणि कबड्डी. फुटबॉल आला तो एका रिटायर सुभेदारांमुळे. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. मिशा अशा की पावसातसुद्धा खाली बसत नसत. लष्करात असताना पलटणीच्या संघातून फुटबॉल खेळलेले. एक दिवस ते जाळीच्या पिशवीत चेंडू घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "म्याडम, टीम उभी करायची. पोरं द्या." पोरं सगळी कबड्डीत आणि भरतीच्या धावण्यात अडकलेली. तसं मी सांगितलं. आबांनी मिशीला हात लावला. "मग पोरी द्या. बॉलला काय कळतंय?"

अशी आमची मुलींची टीम उभी राहिली. मैदानाला एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे चांगला उतार. टॉस जिंकला की पहिला हाफ चढाला खेळायचा, कारण तेव्हा दम असतो, आणि दुसरा उताराला. पाहुण्या संघांना हे कळेपर्यंत मॅच संपलेली असायची. खेळात डावपेच शिकवतात म्हणतात ते हेच.

आबांचा दोन गोष्टींवर अढळ विश्वास होता. एक शिस्त आणि दुसरी व्हिटॅमिन. मिलिटरी कँटीनमधून ते बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलचे डबे आणायचे. प्रॅक्टिसच्या आधी पोरींची फॉलिन, म्हणजे लष्करी रांग. आबा एकेकीच्या पुढे उभे राहणार, कॅप्सूल तोंडात टाकणार, पाणी पाजणार आणि ओरडणार, "मूं खोल! जीभ वर! जीभ बाजूला!" गालात लपवलेली कॅप्सूल त्यांनी कधी सुटू दिली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आमची गोलकीपर रडत माझ्याकडे आली. "म्याडम, मला कावीळ झालीया." डोळे बघितले तर पांढरेफेक. कशावरून म्हणतेस विचारलं तर मान खाली. मग कानात सांगितलं. मागोमाग अख्खी टीम स्टाफरूमच्या दाराशी. सगळ्यांना कावीळ, सगळ्यांची लक्षणं एकच, संडासात जाऊन बघितलेली. मी आबांना विचारलं तर ते खूश. "पिवळं झालं? मंजे औषध लागू पडलं!"

आता बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. अंगाला हवं तेवढं व्हिटॅमिन अंग ठेवून घेतं. बाकीचं पिवळंधमक करून बाहेर टाकतं. हौद भरलेला असेल तर वरून कितीही ओता, ते गटारातच जाणार. पोरींना मी हे फळ्यावर हौद काढून समजावलं. बाकीच्यांचं समाधान झालं, पण गोलकीपरची आजी माझ्या हौदावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिनं नातीला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं गळ्यात मुळ्यांची माळ घातली. ती माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली असं समजायचं. पुढच्या मॅचला रेफ्रीनं सांगितलं, गळ्यातलं काढा. पोरगी म्हणाली, "न्हाई काढायची. अजून बेंबीला टेकली न्हाई." रेफ्री साताऱ्याचा तरुण पोरगा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी ढगांकडे बघितलं. शेवटी माळ बनियनच्या आत गेली आणि मॅच सुरू झाली.

त्याच वर्षी आम्ही पाचगणीला खेळायला गेलो. तिथल्या बोर्डिंग शाळेचं मैदान गालिच्यासारखं आणि त्यांच्या पोरींच्या हातात झाकणाच्या बाटल्या. त्यात पावडर टाकून त्या अशा खळखळवत होत्या की आमच्या पोरी वॉर्मअप सोडून बघत बसल्या. आम्ही पाच गोलनी हरलो. परतीच्या एसटीत टीमची बैठक बसली आणि निकाल लागला की हे सगळं पावडरीनं झालं. त्यांना बूट होते, त्यांचं मैदान सपाट होतं, दुपारी त्या डाळ, भात, अंडी, केळी खाऊन झोपत होत्या, हे कुणाच्या लक्षात नाही. उलट आमच्या लेफ्ट बॅकनं तिथल्या एका पोरीला पावडरीची चव विचारली होती. ती म्हणाली होती, खडूसारखी लागते, मी तर रोज स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात ओतते. आमच्या पोरींनी त्यातून एवढंच घेतलं, की पाचगणीची स्ट्रॉबेरी एवढी मोठी का होते.

आता सुरेखाकडे येते, कारण हे सगळं मी तिच्यासाठीच लिहितेय.

सुरेखा आमची सेंटर हाफ. म्हणजे मैदानाच्या मध्यावरची खेळाडू. मागून चेंडू घ्यायचा, पुढे द्यायचा, चुकला तर परत आणायचा आणि मॅच संपेपर्यंत हेच करत राहायचं. घरात जशी थोरली सून, तशी टीममध्ये सेंटर हाफ. सगळं तिच्या हातून होतं आणि कौतुक गोल मारणारीचं. सुरेखा मूळची आटपाडीकडची. वडिलांची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि शर्यतीच्या वेडापायी पाळलेला एक खिलार खोंड. शिक्षणासाठी तिला आमच्या गावात आत्याकडे ठेवली होती. तिला खेळताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आबांना म्हटलं, ही पोरगी चेंडूकडे बघतच नाही, माणसं कुठे जाणार ते बघते. मी तिला विचारलंही, हे कुठे शिकलीस? तर म्हणाली, "कळप कुठनं फुटनार ते आधी कळाय लागतंय म्याडम. फुटल्यावर पळून काय उपेग?"

पण तिची गाडी हाफटाइमला बंद पडायची. पहिला हाफ राणीसारखा. दुसऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी, ओठ पांढरे, छातीचा भाता चाललेला. नववीत होती, तरी दप्तरात पाटीवरच्या पेन्सिली असायच्या. वर्गात बसल्या बसल्या कुरतडायची. आम्ही हसायचो, अजून बालवाडीतून बाहेर आली नाही म्हणून.

आणि त्या वर्षी एक संधी आली. सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी होती. तिथं शाळा, जेवण, बूट, कोच सगळं मिळतं. वयाच्या अटीत बसण्याचं सुरेखाचं ते शेवटचं वर्ष. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "निवड झाली तर खेळंल. न्हाई तर दिवाळीला गावी नेतो. मेंढरामागं मानूस लागतंय आन् बहिनीवर तरी किती दिस टाकायचं?" ते वाईट नव्हते. त्यांच्या घरचं गणित तसं होतं. चाचणीत मात्र पूर्ण मॅच खेळवून बघणार होते. अर्ध्या मॅचच्या सेंटर हाफला कोण घेणार?

मग सगळा गाव सुरेखाच्या दमामागे लागला. आबांनी तिची कॅप्सूल डबल केली. आत्यानं डिंकाचे लाडू सुरू केले. मेडिकलवाल्यानं घोड्याचं चित्र असलेलं लाल टॉनिक दिलं. गोलकीपरच्या आजीनं दृष्ट काढली. मोबाइलवर व्हिडिओ बघून कुणीतरी सांगितलं, बिटाचा रस. पोरीचे दात लाल झाले, दम तेवढाच राहिला.

चाचणी जवळ आली आणि एका प्रॅक्टिसला सुरेखानं मैदानाच्या मधोमध उलटी केली. डोकं धरून खालीच बसली. मी आणि आबांनी तिला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिचे वडील चार दिवसांपासून बहिणीकडे मुक्कामाला आले होते, तेही धावत आले. लाल पटका, खांद्यावर घोंगडं आणि हातात एक भलीमोठी प्लॅस्टिकची बाटली. बाटलीवर बैलाचा फोटो.

"हे काय?" मी विचारलं.

"ताकदीचं औषध हाय म्याडम. आमच्या खोंडाला हेच देतोय. शर्यतीच्या आधी आठ दिस द्यायचं, मग बघा कसा उधळतोय. पोरीला चार दिस झालं देतोय."

बाटलीवर मराठी, हिंदी, इंग्रजीत ठळक लिहिलं होतं, फक्त जनावरांसाठी. मी ते बोट ठेवून दाखवलं.

"वाचलं की," ते शांतपणे म्हणाले. "म्हनून तर दहावा हिस्सा दिला. खोंडाचं वजन किती आन् हिचं किती? सगळा हिशोब केला. आत इटामिनच हाय की ओ, बैलाचं काय आन् मानसाचं काय?"

आबांनी बाटली हातात घेऊन मागचा कागद वाचला आणि मला हळूच म्हणाले, "म्याडम, माझ्या कॅप्सूलीपेक्षा ह्यात जास्त हाय." मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाच "गप बसा" म्हटलंय, ते त्या दिवशी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मात्र हेडमास्तरांचा. त्यांनी बाटली बघितली, कपाळाला हात लावला, ती ताब्यात घेतली. अशा औषधातलं व्हिटॅमिन ए जास्त झालं की डोकं दुखतं आणि उलट्या होतात, म्हणाल्या. बरं झालं चारच दिवस झाले. मग दोन्ही पुरुषांना बाहेर काढलं. सुरेखाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. नखं बघितली. आणि विचारलं, "पेन्सिली खातेस?"

सुरेखा दचकली. मीही दचकले.

"खडू? माती?"

"पेन्सिलीच."

"पाळी किती दिवस असते?"

सुरेखानं माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. "आठ-धा दिस."

"दर महिन्याला? जास्त जातं?"

"व्हय. लय."

"कधीपासून?"

"सुरू झाल्यापस्नंच."

"अगं मग कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुनी इचारलं न्हाई," सुरेखा म्हणाली.

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं तिनं. मला मात्र तिथं उभं राहवेना. कॅप्सूल दिली, लाडू दिले, बीट दिलं, बैलाचं औषध दिलं. विचारलं कुणीच नाही. मला फार लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून बाहेर जाऊन मी आबांवर उगाचच खेकसले.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. पेन्सिली कुरतडण्याची ओढही त्यामुळेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही मुलगी अर्धी मॅच खेळते हेच नवल आहे. व्हिटॅमिनची टाकी भरलेलीच होती, लोखंडाची रिकामी. आणि त्यासाठी शाळेत दर आठवड्याला सरकारी निळी गोळी फुकट देतात, ती घेत नव्हतीस का, असं त्यांनी विचारल्यावर जे बाहेर आलं ते शाळेच्या इतिहासात लिहायला हवं. निळ्या गोळ्या विज्ञानाच्या सरांकडे होत्या. सर सभ्य गृहस्थ. मुलींच्या हातावर गोळी ठेवायचे आणि संकोचानं खिडकीबाहेर बघायचे. मुली गोळी जिभेखाली धरायच्या आणि शाळेच्या मागे पेरूच्या झाडाच्या बुंध्यात पुरायच्या. चव लोखंडाची, पोटात मळमळ आणि कुणीतरी उठवलेलं की पुढे पोरं होत नाहीत. सगळ्या जिल्ह्यात एवढं लोखंड प्यालेला पेरू दुसरा नसेल. ज्या कॅप्सूलची गरज नव्हती तिच्यासाठी लष्करी तपासणी आणि जिची गरज होती ती झाडाला.

डॉक्टरीणबाईंनी चाचणीला साफ नकार दिला. पंधरा दिवसांत रक्त भरत नाही, कित्येक महिने लागतात, आणि या अंगानं पूर्ण मॅच खेळली तर मैदानात पडेल. जास्त रक्त का जातं याची तपासणी आणि औषध आधी. इंजेक्शन मारून उभी करता येईल का, असं आबांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी फक्त त्यांच्याकडे बघितलं. आबा अटेन्शनमध्ये गेले.

मग त्यांनी सुरेखाच्या वडिलांना आत बोलावलं आणि कसलाही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. पटका काढून मांडीवर ठेवला. मुलीसमोर, परक्या बायांसमोर असलं काही त्यांनी आयुष्यात ऐकलं नसणार. डॉक्टरीणबाईंनी सुरेखाची पापणी ओढून त्यांना दाखवली, "बघा, किती पांढरी आहे."

त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मेंढरू गळपटलं," ते म्हणाले, "तर आमी पयली पापनी उलटून बगतो. पांढरी दिसली की कळतं, रगत न्हाई. रोज बगतो ओ आमी. सगळ्या कळपाची बगतो." आणि मग त्यांनी पटक्यानं तोंड पुसलं. "हिची न्हाई बगितली."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली.

चाचणी गेली. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथल्या साहेबांना भेटले, पुढच्या वर्षी एक संधी द्या म्हणून भांडले. साहेब म्हणाले, नियमात वयाची अट आहे, मॅडम. नियम नियमाच्या जागी बरोबर होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बऱ्याच मॅचेस हरले, त्यांचं काही वाटत नाही. ही न खेळलेली मॅच अजून सलते.

दिवाळीला वडील सुरेखाला न्यायला येणार म्हणून आम्ही मनाची तयारी केली होती. ते आले. सोबत सांगलीच्या बाजारातून घेतलेली गुळाची ढेप आणि शेंगदाण्याचं पोतं. आत्याच्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "रगत भरंपातुर हितंच ऱ्हाऊ दे. दवाखाना जवळ हाय. मेंढरामागं मी हाय की." मग खाली बघत मला म्हणाले, "म्याडम, गोळीचं बगा तेवढं."

गोळीचं आबांनी बघितलं. पिवळ्या कॅप्सूल बंद, आता निळ्या गोळीची फॉलिन. विज्ञानाच्या सरांकडून चार्ज काढून घेतला. जेवणानंतर गोळी, वर लिंबाचं सरबत. चहानं लोह अंगी लागत नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, म्हणून मैदानावर चहाबंदी. "मूं खोल! जीभ वर!" पुन्हा सुरू. पहिल्याच आठवड्यात गोलकीपर रडत हजर, "म्याडम, आता काळं!" लोखंडाच्या गोळीनं ते काळंच होतं, पण या वेळी मी फळ्यापर्यंत जाण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पेरू मात्र त्यानंतर बारीक यायला लागले असं शिपाईमामा शपथेवर सांगतात.

आणि दर रविवारी आत्याच्या मोबाइलवर आटपाडीहून फोन यायचा. एकदा मी तिथेच होते. स्पीकरवर वाऱ्याचा आवाज, मेंढरांचा आवाज आणि मग वडिलांचा खाकरलेला आवाज. "गोळी घेतलीस का गं?" "घेतली." "आन्... ह्या बारीला... किती दिस?" "पाच." "पाच. बरं." एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला! बोलून झाल्यावर मात्र आवाज मोकळा व्हायचा आणि मग खोंडाच्या गप्पा.

सुरेखा आता सांगलीत कॉलेजला आहे. कॉलेजच्या टीममधून खेळते आणि हॉस्टेलच्या पोरींच्या पापण्या उलट्या करून बघत फिरते. तिला तिथं डॉक्टर म्हणतात.

पण मला सांगायचीय ती पुढच्या वर्षीची पाचगणीची मॅच. तेच गालिच्याचं मैदान, त्याच खळखळणाऱ्या बाटल्या. आमच्याकडे माठातलं पाणी आणि गूळ-शेंगदाणे. सुरेखाचे वडील पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आले होते. लाल पटका घालून टचलाइनला उकिडवे बसले होते, रानात बसतात तसे. हाफटाइम झाला. सुरेखा पाणी प्यायली आणि बसलीच नाही. दुसरा हाफ सुरू झाला, मी तिच्या कमरेकडे बघत होते. हात कमरेवर जातो का? गेला नाही. आम्ही दोन-एकनं हरलो. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा ती त्यांच्या कॉर्नरपाशी चेंडूमागे धावत होती आणि शिट्टी झाल्यावरही चार पावलं धावली.

त्यांचा कोच आमच्याकडे आला. ट्रॅकसूट, गळ्यात घड्याळ, सभ्य माणूस. म्हणाला, "मॅडम, तुमची सेंटर हाफ गेल्या वर्षी अर्ध्यात थांबायची. काय फरक पडलाय! कुठलं सप्लिमेंट देताय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वडील उठून उभे राहिले. घोंगडं झटकलं.

"पयलं बैलाचं दिलं हुतं सायेब," ते म्हणाले. "त्ये काय लागू पडलं न्हाई. मग तिला इचारलं."